तिन्ही रीडिंग तंतोतंत सारखी कशी येतात? प्रयोगशाळेतल्या अनुमापनाबद्दल

दर्शक_कोथरूड (धागाकर्ता)

मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या अनुमापनाची (एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने सोडून, रंग बदलेपर्यंत ते किती लागले हे मोजण्याच्या प्रयोगाची) जर्नले तपासायला घेतली, तेव्हा २२ पैकी १९ जर्नलांत तिन्ही रीडिंग तंतोतंत सारखी आढळली : १०.१, १०.१, १०.१ मिलिलिटर. प्रयोग चालू असताना मी टेबलांमधून फिरत होतो, त्यामुळे प्रत्यक्षात काय घडले ते मी पाहिले आहे. एका मुलाच्या शंकुपात्रातले द्रावण फिकट गुलाबीवर न थांबता पार राणी रंगाचे झाले होते, एका मुलीच्या ब्युरेटच्या (द्रावण सोडायच्या, खुणा असलेल्या उभ्या काचनळीच्या) तोटीखाली हवेचा बुडबुडा तसाच राहिला होता आणि दोघांनी तिसरे रीडिंग घेतलेच नव्हते. कागदावर मात्र सगळे १०.१ वर येऊन थांबले.

मुलांना दोष देऊन मोकळे व्हावे असे मला वाटत नाही. 'कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग', म्हणजे ज्याला आपण सगळे सीबीआर म्हणतो, ते आल्याशिवाय गुण मिळत नाहीत हे त्यांनी आम्हा शिक्षकांकडूनच ऐकलेले असते. पहिल्या रीडिंगनंतरची दोन रीडिंग कशी असायला हवीत हे ज्याला आधीच सांगून ठेवले आहे, तो ती मन लावून मोजेल कशाला?

माझा प्रश्न दुहेरी आहे. ब्युरेट, पिपेट (ठरावीक माप उचलून घ्यायची काचनळी) आणि डोळा यांची सवय मुलांच्या अंगवळणी कशी पाडावी, आणि आलेले रीडिंग जसेच्या तसे लिहिण्याची त्यांची भीती कशी घालवावी? ज्यांनी हे काम शाळेत, महाविद्यालयात किंवा नोकरीत केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_सहायक

सर, मी ३१ वर्षे एका शाळेच्या आणि तिला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. द्रावणे मी करायचो, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो.

प्रात्यक्षिक परीक्षेसाठी सोडियम हायड्रॉक्साइडचे ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचे माप) द्रावण पाच लिटर करायचे, तर २० ग्रॅम गोळ्या लागतात. पण त्या गोळ्या काट्यावर असतानाच हवेतला ओलावा धरू लागतात, त्यामुळे हे द्रावण कधीही अचूक ०.१ चे होत नाही. ऑक्झॅलिक आम्लाचे तसे नाही, लिटरला ६.३ ग्रॅम नीट तोलून घेतले की त्याच्यावर विसंबता येते. म्हणून तर एकाची तीव्रता दुसऱ्यावरून काढायची असते. परीक्षेच्या पहिल्या दिवशी बहिःस्थ परीक्षक स्वतः एकदा अनुमापन करायचे, आलेले रीडिंग टिपून ठेवायचे आणि पुढचे सगळे गुण त्या आकड्याशी ताडून दिले जायचे.

आता पुढे काय व्हायचे ते ऐका. कॅन दिवसातून कितीतरी वेळा उघडला जाई आणि द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राही. कधी दुपारच्या तुकडीपर्यंत द्रावण संपून जाई आणि मी घाईने नवे करून देई. अशा वेळी परीक्षकांनी पुन्हा रीडिंग घ्यायला हवे असते, पण ते नेहमी घेतले जात नसे. एका वर्षी एका मुलीने १०.६ हे रीडिंग दोनदा काढले आणि तसेच लिहिले. तिच्या टेबलावरचे द्रावण माझे नवे केलेले होते आणि ते सकाळच्या द्रावणापेक्षा सौम्य होते, हे मला ठाऊक होते. शेजारच्या मुलाने सकाळच्या तुकडीकडून विचारून घेतलेले १०.१ लिहिले. त्याला पूर्ण गुण मिळाले आणि तिचे कापले गेले. मी त्या वेळी बोललो नाही, याची खंत मला आजही आहे.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की मुलांची रीडिंग तपासण्याआधी आपण आपला कॅन तपासावा.

सहकारनगरची_आई

माझा मुलगा अशा एका महाविद्यालयात आहे, जिथे वर्षभर प्रवेश परीक्षांची शिकवणी चालते आणि सगळी प्रात्यक्षिके शेवटच्या पंधरा दिवसांत उरकली जातात. त्याने ब्युरेट पहिल्यांदा हातात घेतले ते जानेवारीत, आणि जर्नल मात्र त्याआधीच लिहून पूर्ण झाले होते. बारावीच्या विषयाला लेखी ७० आणि प्रात्यक्षिकाचे ३० गुण असतात. ज्या ३० गुणांसाठी मूल प्रयोगशाळेत गेलेलेच नाही, ते त्याला कशाचे मिळतात, हा प्रश्न मी पालक सभेत विचारला होता आणि त्याचे उत्तर मला मिळाले नाही.

गुणवत्ता_विभाग

मी एका औषधनिर्मिती कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते. धागाकर्त्यांच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत आहे, परंतु सीबीआरची अपेक्षाच चुकीची आहे असा कोणाचा समज होऊ नये. दोन रीडिंग एकमेकांशी जुळली पाहिजेत ही मागणी योग्यच आहे, कारण जुळणी नसेल तर कुठेतरी हात चुकला आहे हे कळायला दुसरा मार्ग नाही. चूक आहे ती 'जुळणे' या शब्दाचा अर्थ 'एकच आकडा' असा लावण्यात.

शाळेतल्या ५० मिलिलिटरच्या ब्युरेटवर सर्वांत लहान भाग ०.१ मिलिलिटरचा असतो, आणि तोटीतून पडणारा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे उत्तम हाताच्या विद्यार्थ्याच्याही दोन रीडिंगमध्ये एका थेंबाचा फरक पडणे स्वाभाविक आहे. ९.९५ आणि १०.० ही रीडिंग जुळलेलीच आहेत. दोन भागांमधली जागा डोळ्याने अर्धी करून ०.०५ पर्यंत वाचायला मुलांना शिकवा. तेवढे केले, तरी 'तिन्ही सारखी' हा हट्ट निम्मा गळून पडेल.

नोंदीबद्दल आमच्याकडे जे नियम आहेत, ते अकरावीलाही लागू करता येतील. रीडिंग पाहताक्षणी शाईने आणि थेट मूळ नोंदीतच लिहायचे, सुट्या कागदावर नाही. चुकले तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण, सही व तारीख लिहायची. खाडाखोड हा गुन्हा मानू नका. खोडरबर मात्र प्रयोगशाळेत आणू देऊ नका.

बारावी_विज्ञान

नमस्कार. मी बारावीत आहे. मागच्या वर्षी सोडियम कार्बोनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या प्रयोगात मी मिथिल ऑरेंज या दर्शकाऐवजी (दर्शक म्हणजे रंग बदलून क्रिया संपल्याचे दाखवणारे द्रव्य) चुकून फिनॉल्फ्थॅलिन घातले आणि माझे रीडिंग इतरांच्या बरोबर निम्मे आले. मॅडमनी ते खोडून पुन्हा करायला सांगितले. मी पुन्हा केले आणि इतरांसारखे आले, पण 'निम्मेच का आले' हे मला कोणी सांगितले नाही. येथे विचारले तर चालेल का?

पाषाण_रस्ता

अवश्य चालेल, आणि आपण विचारलेला प्रश्न फार चांगला आहे. मी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून निवृत्त झालो आहे. १९५० साली पुण्यात पाषाण रस्त्यावर सुरू झालेल्या त्या संस्थेत माझी सगळी उमेद गेली, पण अनुमापनाचा हात मात्र शाळेतच बसला होता.

सोडियम कार्बोनेटची आम्लाशी क्रिया दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात कार्बोनेटचे बायकार्बोनेट होते, आणि दुसऱ्या टप्प्यात बायकार्बोनेटचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होतो. दोन्ही टप्प्यांना सारखेच आम्ल लागते. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग साधारण ८.२ ते १० या पीएचमध्ये (पीएच म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) बदलतो, म्हणून ते पहिला टप्पा संपताच रंगहीन होते आणि आपण तिथेच थांबतो. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ या टापूत रंग बदलते, म्हणून ते दुसरा टप्पा संपेपर्यंत थांबते. आपले निम्मे रीडिंग चुकीचे नव्हते. ते अर्ध्या वाटेवरचे अचूक रीडिंग होते, आणि बरोबर निम्मे आले याचा अर्थ आपला हात चांगला आहे असा होतो. ते खोडले गेले याचे मला वाईट वाटते, कारण एका प्रयोगात दोन दर्शक वापरून कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांचे मिश्रण वेगवेगळे मोजण्याची पद्धत याच निरीक्षणावर उभी आहे.

फिनॉल्फ्थॅलिन १८७१ साली अडॉल्फ फॉन बायर यांनी तयार केले. त्याच्या कितीतरी आधी, १८२४ मध्ये, गे-ल्युसॅक यांनी नीळ मोजण्याविषयीच्या लेखात 'ब्युरेट' आणि 'पिपेट' हे शब्द वापरले, आणि १८५५ मध्ये कार्ल फ्रीडरिश मोर यांनी अनुमापनाचे पाठ्यपुस्तक लिहिले. कापडाची विरंजक द्रव्ये, सोडा, नीळ ही व्यापारातली द्रव्ये खरी किती कसाची आहेत, हे ठरवण्यासाठी हे तंत्र वाढले. विकणारा सांगतो तेवढा माल पदार्थात आहे की नाही, हे तिसऱ्या माणसाने मोजून सांगायचे असे. त्या कामात कोणी आकडा मनाने लिहिला असता, तर सगळ्या उद्योगालाच अर्थ उरला नसता. मुलांना ही गोष्ट प्रयोगाच्या आधी सांगावी असे मला वाटते.

बारावी_विज्ञान

मनापासून आभार, काका. हे मी जर्नलमध्ये मागच्या पानावर लिहून ठेवतो.

समपातळी

मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून डोळ्याच्या चुकीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ही चूक मुलांच्या उंचीवर अवलंबून असते आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होते.

ब्युरेट स्टँडला लावले की शून्याची खूण बहुतेक मुलांच्या डोळ्यांच्या वर जाते. मूल खालून वर पाहते, तेव्हा द्रावणाचा तळवक्र, ज्याला मेनिस्कस म्हणतात, प्रत्यक्ष असतो त्यापेक्षा खालच्या खुणेवर दिसतो. त्यामुळे तो शून्यावर 'दिसेल' असा भरला, तर खरा तो शून्याच्या थोडा वर असतो. अनुमापन संपल्यावर पातळी खाली येते, मूल आता वरून वाकून पाहते, आणि या वेळी मेनिस्कस वरच्या खुणेवर, म्हणजे कमी आकड्यावर, दिसतो. सुरुवातीची चूक आणि शेवटची चूक एकमेकींना छेद देत नाहीत. दोन्ही मिळून रीडिंग कमीच करतात. मी एकदा मुद्दाम एका उंच आणि एका ठेंगण्या विद्यार्थ्याला तेच ब्युरेट न हलवता वाचायला लावले, तर दोघांत ०.२ चा फरक आला.

उपाय अगदी साधे आहेत. ब्युरेट भरताना स्टँड खाली जमिनीवर किंवा स्टुलावर घ्यावा. ब्युरेटच्या मागे अर्धा काळा आणि अर्धा पांढरा कागद धरावा, काळ्याची कड मेनिस्कसच्या किंचित खाली ठेवावी, म्हणजे तळवक्र ठसठशीत दिसतो. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात खालचा वक्र दिसत नाही, तेथे वरची कड वाचावी आणि दोन्ही वेळा वरचीच वाचावी.

आता धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. दरवेळी ब्युरेट शून्यापर्यंत भरू देऊ नका. पहिले अनुमापन ०.० पासून, दुसरे जेथे थांबले तेथून, तिसरे त्याच्या पुढून करायला सांगा. ५० मिलिलिटरच्या ब्युरेटमध्ये तीन वेळचे द्रावण सहज मावते. शेवटचा आकडा १९.९५ किंवा ३०.१ असा येतो, वजाबाकी नंतर होते, आणि तोटी फिरवताना 'आता १०.१ वर थांबायचे' असा मोह आपोआप कमी होतो.

गुणवत्ता_विभाग

समपातळी यांच्या पहिल्या भागातला प्रत्येक शब्द मोलाचा आहे, पण शेवटच्या सूचनेशी मी असहमत आहे. ब्युरेटवरच्या खुणा सर्व लांबीवर सारख्याच अचूक असतात असे धरून चालता येत नाही. चांगल्या प्रतीच्या ५० मिलिलिटरच्या ब्युरेटलाही ०.०५ मिलिलिटरपर्यंत चूक माफ असते, आणि शाळेतले ब्युरेट बहुधा त्याहून हलक्या प्रतीचे असते. प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात केली की तोच भाग वापरला जातो आणि निदान ती चूक तिन्ही वेळा सारखी राहते. मुलांचा मोह टाळण्यासाठी मोजमापाची चांगली सवय सोडावी, हे मला पटत नाही.

समपातळी

आपला आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. तरीही मी माझ्या सूचनेवर ठाम आहे, कारण ब्युरेटच्या खुणांमुळे येणारी चूक काही शतांश मिलिलिटरची आहे आणि मनाने लिहिलेल्या आकड्याच्या चुकीला मर्यादाच नाही. शिकण्याच्या पहिल्या सहा महिन्यांत मी खुणांची चूक पत्करेन. बारावीत हात बसल्यावर शून्याची सवय लावता येईल.

जुना_सहायक

दोघांच्या मधला एक मार्ग आमच्याकडे एका सरांनी काढला होता. जोडीतला एक विद्यार्थी तोटी सांभाळायचा आणि रंगाकडेच पाहायचा. दुसरा फक्त आकडा वाचून आपल्या वहीत लिहायचा, आणि तिन्ही होईपर्यंत पहिल्याला तो दाखवायचा नाही. ब्युरेट दरवेळी शून्यापर्यंत भरले तरी तोटी धरणाऱ्याला आधीचा आकडा ठाऊकच नसे. मग अदलाबदल व्हायची.

हातांबद्दल सांगायचे, तर तोटी डाव्या हाताने, ब्युरेटला मागून वेढा घालून धरायची आणि उजव्या हाताने शंकुपात्र फिरवत राहायचे. मुले उलट करतात, किंवा दोन्ही हात तोटीला लावून मध्ये मध्ये पात्र हलवतात. पात्राखाली पांढरी टाइल हवी. टाइल नसेल तर कोरा कागदही चालतो. आणि नरसाळे. ब्युरेट भरल्यावर नरसाळे काढून ठेवायला किमान निम्मी मुले विसरतात. त्याच्या नळीतून मागाहून एखादा थेंब उतरतो, पातळी वर येते आणि रीडिंग खऱ्यापेक्षा कमी दिसते.

निळा_पिवळा

एक वेगळा मुद्दा मांडतो, कारण तो येथे अजून आलेला नाही. मला लाल आणि हिरव्या छटांमधला फरक नीट कळत नाही. अकरावीत असताना हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हते. मिथिल ऑरेंजचा पिवळा रंग लालसर झाला म्हणजे नेमका कधी झाला, हे मला दिसत नसे, आणि माझी रीडिंग दोन-दोन मिलिलिटरने इकडेतिकडे जात. मला निष्काळजी ठरवले गेले. शेवटी मीही शेजाऱ्याचे रीडिंग उतरवू लागलो, कारण माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास उरला नव्हता.

सर, आपल्या १९ जर्नलांमध्ये असा एखादा मुलगा असू शकतो. हा दोष मुलींपेक्षा मुलांमध्ये पुष्कळ जास्त आढळतो. कृपया पहिल्याच तासाला, कोणाला एकटे न पाडता, दोन पात्रे समोर ठेवून सगळ्यांना रंगांतला फरक विचारून पाहा.

पाषाण_रस्ता

निळा_पिवळा यांचे म्हणणे वाचून मी बराच वेळ थांबलो. अशा विद्यार्थ्यासाठी प्रबल आम्ल आणि प्रबल अल्कलीच्या प्रयोगात ब्रोमोथायमॉल ब्लू वापरता येते. त्याचा रंग ६ ते ७.६ या पीएचमध्ये पिवळ्यातून निळ्यात जातो आणि ही छटा बहुतेकांना वेगळी दिसते. पीएच मीटर असेल तर रंगाची गरजच उरत नाही; प्रत्येक अर्ध्या मिलिलिटरला पीएच टिपून आलेख काढला की उडी कुठे आहे ते दिसते.

इतरांसाठीही एक सूचना आहे. अंतिम बिंदूचा रंग कसा असावा, हे शब्दांनी सांगून कळत नाही. शिक्षकांनी एक पात्र नेमक्या फिकट गुलाबी छटेवर आणून समोर ठेवावे. ती छटा टिकत नाही, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ती पुसतो, म्हणून ते पात्र मधूनमधून नवे करावे लागते. ढवळल्यावर रंग साधारण ३० सेकंद टिकला की थांबावे. नंतर तो गेला म्हणून आणखी थेंब घालू नयेत. शेवटाजवळ आले की अर्धा थेंब घ्यायला शिकवावे. तोटी किंचित उघडून टोकाला थेंब लोंबू द्यावा, पात्राची आतली बाजू त्याला टेकवावी आणि वॉश बॉटलने तो खाली ओढून घ्यावा. हे जमले, की मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

कात्रजचा_रहिवासी

माझी नोकरी दूध संकलन केंद्रावर झाली, आणि मी रोज सकाळी हेच करत असे. १० मिलिलिटर दूध, फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब आणि एक-नवमांश नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. एक-नवमांश घेण्याचे कारण असे, की त्याचा एक मिलिलिटर लॅक्टिक आम्लाच्या ०.०१ ग्रॅमशी जुळतो. त्यामुळे १.४ मिलिलिटर लागले की आम्लता ०.१४ टक्के, असा हिशेब तोंडी होतो. दूध पांढरे असल्याने गुलाबी छटा फार हलकी दिसते, म्हणून शेजारी तेच दूध दर्शकाशिवाय ठेवून तुलना करावी लागते.

आम्लता जास्त आली तर शेतकऱ्याचे दूध परत जाते. एखाद्या म्हातारीने चार किलोमीटरवरून आणलेली किटली माझ्या दोन थेंबांवर परत जाऊ शकत होती. शंका आली की मी दुसऱ्यांदा मोजत असे. अकरावीच्या मुलांना एकदा दूध देऊन पाहा. ताजे, आणि दुपारपर्यंत बाहेर ठेवलेले. दोन्ही आकडे वेगळे येतील आणि 'बरोबर' आकडा कोणालाच आधी ठाऊक नसेल.

सहकारनगरची_आई

कात्रजचे काका, हे मी घरी माझ्या मुलाला वाचून दाखवले. त्याने विचारलेला प्रश्न येथे लिहिते. शंकुपात्र ऊर्ध्वपातित पाण्याने ओले राहिले तर चालते, पण पिपेट आणि ब्युरेट मात्र ज्याचे त्याच द्रावणाने विसळून घ्यायचे, असे का? तोंडी परीक्षेसाठी त्याने उत्तर पाठ केले आहे, पण ते कळलेले नाही.

दर्शक_कोथरूड (धागाकर्ता)

ताई, त्याला असे सांगा. चहासाठी दोन चमचे साखर मोजून पातेल्यात घातली, तर पातेल्यात पाणी कमी-जास्त असले तरी साखर दोन चमचेच राहते. शंकुपात्र हे ते पातेले आहे. पिपेटने मोजलेले आम्ल त्यात पडले, की पाण्याने त्यातले आम्ल वाढत नाही आणि घटतही नाही. पिपेट हा चमचा आहे. १० मिलिलिटरच्या पिपेटमध्ये आधीचे ०.२ मिलिलिटर पाणी राहिले, तर मोजमापात दोन टक्के पाणीच येते. उलट शंकुपात्र आम्लाने विसळले, तर न मोजलेले आम्ल आत राहते.

पिपेटचा शेवटचा थेंब फुंकून काढू नये, हेही त्याला सांगा. पात्राच्या बाजूला टोक टेकवून जे उतरेल तेवढेच मोजलेले असते. टोकात उरणारा थेंब खूण करतानाच वगळलेला असतो.

पर्वती_पायथा

फुंकण्याचा विषय निघालाच आहे, म्हणून विचारतो. अजूनही कितीतरी ठिकाणी मुले पिपेट तोंडाने ओढतात. आमच्या वेळीही तसेच होते आणि कोणाला काही झाले नाही. रबरी फुग्याने पातळी खुणेवर आणायला मुलांना दुप्पट वेळ लागतो, आणि ४० मिनिटांच्या तासात तो वेळ असतो कुठे?

जुना_सहायक

माझ्या डोळ्यांदेखत झाले आहे. पिपेटचे टोक द्रावणाबाहेर आले, मुलाने जोरात ओढले आणि सोडियम हायड्रॉक्साइड तोंडात गेले. द्रावण सौम्य होते, भरपूर पाण्याने चुळा भरल्या, डॉक्टरांना दाखवले आणि निभावले. ऑक्झॅलिक आम्ल तर विषारी आहे. वेळ वाचवायचा असेल तर प्रयोग दोन तासांत विभागावा, पण तोंड लावू देऊ नये. फुगा पहिल्या दिवशी नुसत्या पाण्यावर वीस वेळा वापरू द्यावा. मग वेळ लागत नाही.

गुणवत्ता_विभाग

मी जुना_सहायक यांच्या मताला पूर्ण पाठिंबा देते. आमच्याकडे तोंडाने पिपेट ओढणाऱ्याला त्याच दिवशी कामावरून बाजूला केले जाते.

समपातळी

एक छोटी भर घालतो, कारण उन्हाळा जवळ आला आहे. काचेच्या मोजपात्रांवर तापमान लिहिलेले असते. भारतीय मानकाप्रमाणे ते २७ अंश असते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी प्रयोगशाळा ३७ अंशांवर जाते आणि दहा अंशांत पाण्याचे आकारमान सुमारे ०.३ टक्के वाढते. ब्युरेट आणि पिपेट दोन्ही त्याच खोलीत असल्याने अनुमापनात हा परिणाम बराचसा कटतो. परंतु सकाळी थंड असताना खुणेपर्यंत भरलेले प्रमाण द्रावण (ज्याची तीव्रता नेमकी ठाऊक असते ते) दुपारी वापरले, तर तो कटत नाही.

दर्शक_कोथरूड (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. येथे आलेल्या सूचनांपैकी बऱ्याचशा वापरून पाहिल्या, आणि काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

सोडियम हायड्रॉक्साइडचे तीन कॅन वेगवेगळ्या तीव्रतेचे केले आणि त्यांवर फक्त अ, ब, क अशी अक्षरे लिहिली. प्रत्येक तुकडीच्या आधी आणि नंतर मी स्वतः तिन्हींचे रीडिंग घेतले. जुना_सहायक यांचे म्हणणे खरे ठरले, कारण अर्धवट उघड्या राहिलेल्या ब कॅनचे रीडिंग चार दिवसांत ०.१५ ने सरकले. मुलांच्या जोड्या केल्या, एकाने रंग पाहायचा आणि दुसऱ्याने आकडा. शून्याबद्दलचा वाद मी मुलांपुढे मांडला आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. सात जोड्यांनी पुढून मोजले, चार जोड्यांनी दरवेळी शून्यापर्यंत भरले. रंगांची चाचणी सगळ्यांची घेतली. एका मुलाला मिथिल ऑरेंज दिसत नाही हे आढळले, आणि तो आता ब्रोमोथायमॉल ब्लू वापरतो.

गुणांची विभागणीही बदलली. माझ्या आकड्याशी ताडून जे गुण मी देत असे, त्यांतले निम्मे आता नोंदीला ठेवले आहेत : शाईने लिहिलेली रीडिंग, रेघ मारलेली रीडिंग आणि फरक पडला असल्यास त्याचे कारण.

या वेळी ११ जोड्यांपैकी फक्त एकीची तिन्ही रीडिंग सारखी आली, आणि ती मी उभा राहून पाहिली होती, त्यामुळे ती खरी आहेत. पहिल्या दिवशी जिच्या ब्युरेटमध्ये बुडबुडा होता, त्या मुलीने दुसऱ्या रीडिंगवर एक रेघ मारली आहे आणि शेजारी लिहिले आहे : 'तोटीखालचा बुडबुडा मध्येच निघून गेला.'

जुना_सहायक

मग तिचे ते रीडिंग वाढलेले असणार, सर. बुडबुड्याची जागा द्रावणाने भरली, पण ते पात्रात पडलेच नाही.

दर्शक_कोथरूड (धागाकर्ता)

होय. बाकीची दोन ९.९ आणि ९.९५ आहेत, आणि ते १०.२.